ते शिडीवर आहेत

आदरणीय वन्संना,

तुमच्या धाकट्या भावजयीचा दमट नमस्कार पावावा. (कोरडा पाठवायचा होता, पण आमच्याकडे सध्या कोरडं काही शिल्लक नाही. हा कागदसुद्धा इस्त्रीखाली घालून घेतलाय, म्हणून कडेला जरासा करपलाय. त्याचा वेगळा अर्थ काढू नये.) तुमचे गुडघे कसे आहेत? मांजरीला पिल्लं झाली का, आणि झाली असल्यास यजमानांनी ती ठेवून घ्यायला होकार दिला का, की नेहमीप्रमाणे तुम्ही आधी ठेवून घेतली आणि मग विचारलं? तुमच्याकडे रोज लख्ख ऊन पडतं असं कळलं. पडो बापडं. आम्ही काही मनाला लावून घेत नाही.

फोन सोडून पत्राचा घाट का घातला, ते सांगते. तुम्ही इतके दिवस फोन करून भाऊ कुठाय, बोलत का नाही असं विचारताय, आणि मी दर वेळी "ते शिडीवर आहेत" म्हणून वेळ मारून नेतेय. एवढ्या धो धो पावसात रंगारी बाहेर शिडीवर काय करतो, हे तुम्ही विचारलं नाहीत, हा तुमचा मोठेपणा. वन्सं, ते शिडीवर नव्हते. ते गादीवर होते. हे फोनवर सांगायची सोय नव्हती, कारण फोन आणि गादी एकाच खोलीत. आता सांगायला हरकत नाही. घाबरू नका, शेवट बरा आहे. (तरी आधी खाली बसून घ्या. गुडघे.)

तुमच्या भावाचा धंदा बाहेरच्या भिंतींचा. पाऊस लागला की चार दिवस सुट्टी, ब्रश धुवायचे, डबे लावायचे, शिडीच्या खिळखिळ्या पायऱ्या ठोकायच्या, आणि ऊन पडलं की पुन्हा सुरू. यंदा पाऊस पाहुणा म्हणून आला आणि घरजावई होऊन बसला. मोठ्या रस्त्यावरच्या एका इमारतीच्या तीन बाजू यांनी रंगवल्या होत्या, चौथी राहिली. बांबूंची परांची ताडपत्री पांघरून तिथेच उभी आहे. सुरुवातीला हे रोज छत्री घेऊन त्या चौथ्या बाजूला भेटून यायचे, आजारी माणसाला भेटून यावं तसे. मग जाणं बंद झालं. मग दाढी बंद झाली. मग एक दिवस भिंतीकडे तोंड करून आडवे झाले ते झालेच. आता रंगाऱ्याने भिंतीकडे टक लावून बघणं यात वावगं ते काय? मला आपलं वाटलं, काहीतरी ठरवताहेत.

मी घाबरले ती चहामुळे. लग्न झाल्यापासून या माणसाने माझा एकही चहा नावं न ठेवता प्यायलेला नाही. पाणचट, कडू, उकळून मेलेला, न उकळता मेलेला, सगळी विशेषणं ऐकून झालीत. एक दिवस त्यात साखरेच्या जागी मीठ पडलं. (मुद्दाम नाही हो! डब्यांवरच्या चिठ्ठ्या ओलीने गळून पडल्या होत्या.) त्यांनी तो शांतपणे पिऊन टाकला, कप खाली ठेवला आणि पुन्हा भिंतीकडे वळले. वन्सं, पावसाने कपडे कुबट होतात, चपला कुजतात, दारं फुगतात हे मला ठाऊक होतं. पण चांगला हसता-भांडता माणूस असा आतून विझत जातो, हे मी पहिल्यांदाच बघत होते. तो परत येईल की नाही, या एका विचाराने मला दुसरं काही सुचेना.

मी मात्र ठणठणीत. मला काय धाड भरलीय? रोज लाँड्रीच्या काउंटरवर जाऊन बसत होते. लोकांना वाटतं, पावसात लाँड्रीवाल्यांची चंगळ. कसली! कपडे ढिगाने येतात आणि जात एकही नाही, कारण वाळत नाहीत. गिऱ्हाईक येतं, पावती पुढे करतं, मी मान हलवते, मग गिऱ्हाईक मान हलवतं आणि निघून जातं. मालक वाळवणाच्या खोलीत मोठ्या पंख्यासमोर बसून असतात. कपडे वाळवताहेत की स्वतःला, ते कळत नाही. शेजारच्या शिंपीणबाई एकदा म्हणाल्या, हल्ली तुमचं गुणगुणणं ऐकू येत नाही हो. मी म्हटलं, पत्र्यावर एवढा पाऊस वाजतोय, त्यात माझं कुठून ऐकू येणार? आणि विषय संपवला.

शेवटी यांना ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथे सगळं मीच बोलले. (बाईंनी मलाच दोनदा विचारलं, तुमची झोप कशी आहे? मी म्हटलं, अहो, पेशंट ते आहेत.) बाई फार शहाण्या. म्हणाल्या, इतके दिवस उजेड नाही, काम नाही, मन खचणारच, यात लाजण्यासारखं काही नाही. उजेडात बसवा, थोडं चालवा, चार माणसांत ठेवा, हाताला काम द्या, आणि पुन्हा दाखवायला या. ऊन असलेल्या गावी काही दिवस नेता आलं तर फारच उत्तम. यावर तुमचे बंधुराज म्हणाले, मी काय आजारी आहे? दवाखान्यात, तपासायच्या टेबलावर बसून!

मग मी उपायांना लागले. आधी उजेड. जिन्यातल्या एखाद्या कामाला लागणारा यांचाच तो भला मोठा दिवा काढला आणि गादीपाशी लावला. यांनी डोक्यावर पांघरूण घेतलं. समोरच्या खिडकीतल्या आजींना मात्र वाटलं की आमच्या घरात सिनेमाचं शूटिंग आहे. त्या ठेवणीतलं लुगडं नेसून खिडकीत येऊन बसल्या. तेवढ्यात फ्यूज उडाला आणि अख्खी इमारत अंधारात गेली. सगळे भाडेकरू भांडायला वर आले. (म्हणजे चार माणसांत ठेवायचा उपायही त्यातच उरकला. कुणाशीही हे एक शब्द बोलले नाहीत.)

मग चालणं. यांचा रेनकोट फाटलेला, म्हणून लाँड्रीत कधीपासून पडून असलेला एक झकास रेनकोट मालकांना विचारून आणला. पहिल्याच कोपऱ्यावर त्याचा धनी भेटला. इतके महिने ज्याला आपल्या रेनकोटाची आठवण झाली नाही, त्याला तो नेमका यांच्या अंगावर ओळखू आला! मी भांडायला पदर खोचला, तर यांनी निमूटपणे बटणं सोडली, रेनकोट त्याच्या हातात दिला आणि भिजत घरी परतले. रागावलेसुद्धा नाहीत. मी मागून छत्री घेऊन धावतेय आणि हे पुढे चालताहेत, असे आम्ही घरी आलो.

तिसरा उपाय आपल्या पायांनी आला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर. म्हणाले, मी यांना हसवून उठवतो, आयुष्यभर वात्रट पोरं सरळ केलीत. रोज येऊन चुटके सांगायला लागले. हे हसेनात. मास्तर आणखी जोरात सांगायचे. होता होता त्यांनाच आठवलं की आपले जुने विद्यार्थी रस्त्यात भेटले तरी ओळख देत नाहीत, घरी बोलायला कुणी नाही, आणि हा पाऊस. डोळे पुसत तिथल्याच दिवाणावर आडवे झाले, ते दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून. करायला गेले एक आणि झालं भलतंच! आता मी दोघांना चहा देऊ लागले, आणि दोघंही तो तक्रार न करता पिऊ लागले.

अक्कल आली ती लाँड्रीत. डोकं ठणकत होतं म्हणून मी खुर्चीत डोळे मिटून पडले होते. कामाला लागलेल्या नव्या बाईने शर्टांच्या घड्या घातल्या त्या कॉलर आत दुमडून. एक डोळा उघडला, ते बघितलं, आणि डोकंबिकं विसरून उठले आणि अख्ख्या ढिगाच्या घड्या पुन्हा घातल्या. मग चमकले. मागे दाढ काढून घेताना तुमच्या भावाने तोंडात चिमटा असतानाही छताकडे बोट दाखवून "ओघळ आलाय, ओघळ" असं सांगायचा प्रयत्न केला होता. (दाताच्या डॉक्टरांना वाटलं, दुखतंय.) या माणसाला स्वतःचं दुखणं सोसेल, पण वाईट रंगवलेली भिंत सोसणार नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. माळ्यावरचा उरलासुरला ऑइलपेंटचा डबा काढला, रंग पोपटी. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीला भिडले. जुना रंग खरवडला नाही, पॉलिशपेपर नाही, प्रायमर नाही. डबा ढवळलासुद्धा नाही. वर नुसतं तेल तरंगत होतं, तेच लावलं. कधी आडवा ब्रश, कधी उभा, कधी गोल गोल. भिंतीवरून ओघळ सुटले. काय सांगू वन्सं, इतकी मजा मला कित्येक दिवसांत आली नव्हती! हे पाठमोरे पडलेले, आणि मी ब्रश मारतेय.

बऱ्याच वेळाने गादी करकरली. हे कुशीवर वळले. आधी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. उठून बसले. उभे राहिले. माझ्या हातातला ब्रश काढून घेतला आणि म्हणाले, "हे तुला कुणी शिकवलं? ब्रश आहे का केरसुणी आहे ही?"

वन्सं, तिथून जी सरबत्ती सुरू झाली ती थांबेना. मी, माझा हात, माझा रंग, माझं माहेर, सगळ्याचा उद्धार झाला. मी खाली मान घालून ऐकत होते आणि आनंदाने माझा ऊर भरून आला होता. मग यांनी खरवडायचा पत्रा घेऊन सगळा पोपटी रंग काढला, भिंत घासली, भेगांत लांबीची पुट्टी भरली. गोंधळाने मास्तर उठले आणि काही न विचारता शिडी धरून उभे राहिले. मी चहा करून आणला. एक घोट घेऊन हे म्हणाले, "हा चहा आहे की ब्रश धुतलेलं पाणी?" मी कप घेऊन आत गेले आणि ओट्याला टेकून मनसोक्त रडले. सुटले हो मी!

पाऊस आहे तसाच आहे. बाहेर आत्ताही ओततोय. हे अगदी पहिल्यासारखे झालेत असं म्हणणार नाही. काही सकाळी अजून जड जातात, पण उठतात, दाढी करतात, आणि डॉक्टरीणबाईंकडे आपण होऊन जाऊन आले. घरातल्या सगळ्या मधल्या भिंती चकाचक झाल्यात. मास्तरांच्याही झाल्या. मास्तर आता घराघरांतल्या आतल्या भिंतींच्या कामांवर शिडी धरायला यांच्याबरोबर जातात आणि वाटेत चुटके सांगतात. तेव्हा काळजी नसावी. यजमानांना नमस्कार, मांजरीला आणि असल्यास पिल्लांना गोंजारणं.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. खरं काम राहिलंच. यांना उन्हात न्यायचंय, आणि विश्रांतीसाठी चला म्हटलं तर हे जागचे हलणार नाहीत. म्हणून मी ठोकून दिलंय की तुम्ही हौसेने तुमचा हॉल स्वतः रंगवायला घेतलात आणि पार वाटोळं केलंत. हे ऐकून यांनी लगेच पिशवीत ब्रश भरले. तरी आम्ही पोचायच्या आत कृपा करून हॉलची एक भिंत बिघडवून ठेवा. डबा ढवळू नका. तुमचा हात मुळातच नेटका, तुम्हाला हे जमणार नाही. यजमानांना करू द्या, त्यांना जमेल.

ता. क. दुसरा. यातलं एक अक्षर यांच्या कानावर घालू नका. मला खरंच इतकं वाईट रंगवता येतं अशी यांची पक्की समजूत झालीय, आणि ती मोडावी असं मला वाटत नाही. पाकीट यांच्याचकडे पेटीत टाकायला देतेय, पण चांगलं चिकटवलंय.

ताई,

या हवेत डिंक धरत नाही. पाकीट आपोआप उघडलं. (थोडं मी उघडलं.)

ज्याला खरंच रंगवता येत नाही, त्याने आधी स्विचबोर्डाला रंग लागू नये म्हणून चारी बाजूंनी कागदाची पट्टी लावलेली नसते. ती मला भिंतीकडे नजर जाताच दिसली. इतकी वर्षं माझ्याबरोबर राहून तिला नीट वाईटही करता येत नाही.

ती लिहिते, मी ठणठणीत. तू तिला ओळखतेस, कामात असली की सतत बेसूर गुणगुणते. पाऊस लागला आणि ते बंद पडलं. गादीवर पडून मी तेच ऐकायची वाट बघत होतो, पण उठून विचारण्याचं बळ नव्हतं. त्या दिवशी पाठीमागे ब्रश चालला होता, आणि त्याबरोबर ती गुणगुणायला लागली. तिचं तिला कळलंसुद्धा नाही. भिंत बघायला मी वळलो नव्हतो, ताई. भिंत नंतर दिसली.

तेव्हा उन्हात तिलाही आणायचंय, आणि तीही विश्रांतीसाठी म्हटलं तर यायची नाही. तिने सांगितलंय तशी भिंत बिघडवून ठेव. एक नको, चारही बिघडव. आणि एक जास्तीचा ब्रश ठेव.