फाटकाजवळची मेंदी

गुलबर्गा,
६ मार्च २०२४

चि. तानाजी यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं. तुझी विजयश्री भावजय असून माझं सगळं करायली, पोटच्या लेकीनं केलं नसतं एवढं. फोनवर तुझं बोलणं मला कळत न्हाई, नुसतं भणभण ऐकू येतंय, म्हणून लिहायले. तू आपलं घर सोडून भालकीत माझं घर राखायलास, ह्याचं वझं वाटतंय. म्हशीनं लाथ मारली का न्हाई अजून? शाळेत पोरांना लई बडवलंस, आता फेड.

एक सांगायचं राहिलं. फाटकाजवळच्या मेंदीत बुलबुलनं घरटं केलंय. मी निघाले तव्हा तीन अंडी होती, आता पिल्लं निघाली असतील. ती उडेपर्यंत कुंपणाला हात लावू नको. वाढलं तर वाढू दे, कोण बघायलंय.

सांभाळून राहा. माया हायच, ती तशीच असू दे.

तुझी अक्का,
नागूबाई

भालकी,
१२ मार्च २०२४

ती. अक्कास तानाजीचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र आज हाती आलं. काल आलं असतं तर बरं झालं असतं. तू काठी टेकत येशील तेव्हा पायात फांदी अडकू नये, फाटकातून घराचं दार दिसावं, म्हणून मी कालच मेंदी कापली. शेजारच्या सिद्धप्पाची मोठी कात्री आणली होती. तुला न सांगता करावं, आल्यावर तू खूश होशील, असं मनात होतं.

कापून झाल्यावर घरटं दिसलं. वरची पानं गेल्यामुळं ते उघडं पडलं होतं. तिन्ही पिल्लं होती, पण संध्याकाळी कावळ्यानं एक नेलं. मी कापलेल्या फांद्या गोळा करून सुतळीनं घरट्याभोवती बांधल्यात आणि खुर्ची टाकून राखणीला बसलोय. रिटायर मास्तरला नवी ड्यूटी लागली म्हणून सिद्धप्पा हसायलाय.

पत्रच उशिरा आलं, त्याला माझा काय इलाज? तू मनाला लावून घेऊ नकोस. म्हैस ठीक आहे, दूध देते. लोभात अंतर पडू देऊ नये.

तुझा,
तानाजी

गुलबर्गा,
१७ मार्च २०२४

चि. तानाजीस आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. कावळ्याचं वाचून वाईट वाटलं. माझ्यासाठी कापलंस हे खरंय, त्यात मला संशय न्हाई.

पण एक कळंना. कोण मेंदीजवळ गेलं तरी ती बुलबुल जीव खाऊन ओरडती. मला ढोल वाजला तरी नीट ऐकू येत न्हाई, तरी तिचं ओरडणं मला पार चुलीपाशी ऐकू यायचं. तू तर कात्री घेऊन तिच्या दारातच हुबा होतास. तुला कामून ऐकू आलं न्हाई?

मी आता वॉकर धरून वरांड्यापर्यंत जायले. पिल्लांचं कळव. आशीर्वाद हायतच.

नागूबाई

भालकी,
२१ मार्च २०२४

ती. अक्कास सा. नमस्कार.

ऐकू आलं होतं.

ती माझ्या डोक्यावर घिरट्या घालत होती. एकदा तिचा पंख कानाला लागला तेव्हा मी कात्री थांबवलीही. फांद्या बाजूला करून आत बघायला पाहिजे होतं. पण सिद्धप्पा फाटकात उभा राहून म्हणायला लागला की मास्तर, फळ्यावर ओढल्यासारखी रेघ आली. हातभरच राहिलं होतं. मी तिला हाकललं आणि पुढं कापलं. दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं, तेव्हा खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं. दोष टाकायला जागा मिळाली.

बांधलेल्या फांद्या उन्हानं वाळल्या, पानं गळली. मग मी ओलं पोतं लावलं, पण तोवर एक पिल्लू उन्हानं गेलं होतं. आई त्याच्याही चोचीत अळी घालून बघत होती. मी खुर्ची फिरवून बसलो. नंतर ते मेंदीच्या मुळाशी पुरलं.

तिसरं काल उडालं, सिद्धप्पाच्या लिंबापर्यंत. त्यानं हाक मारून दाखवलं. मला आनंद व्हायला पाहिजे होता.

तू आलीस की मी त्याच दिवशी गुलबर्ग्याला निघेन. विजयश्री एकटी आहे.

तुझा,
तानाजी

गुलबर्गा,
२६ मार्च २०२४

चि. तानाजीस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले न्हाई. विजयश्रीला वाटलं गुडघा दुखायलाय. मी तिला काय सांगितलं न्हाई, सांगायचं तर तू सांग.

मला तुझा राग आलाय. खरं लिहिलंस म्हणून अर्धा गेला, अर्धा हाय अजून. त्या बुलबुलच्या वतीनं माफ करायला मी कोण?

रविवारी तुझा लेक राम मला गाडीनं आणून सोडणार हाय. विजयश्री एकटी हाय म्हणून तुला निघायचं न्हाई, तोंड चुकवायचं हाय, ते मला कळतंय. ती पण माझ्यासंगं यायली, त्यामुळं ते निमित्त सोड. चार दिवस राहा. भाकरी मी करीन, तू समोर बसून खा. बोलायचं जमंल तव्हा बोलू, न्हाई जमलं तर न्हाई.

माया रागानं कमी व्हत न्हाई, एवढं ध्यानात ठेव.

तुझी अक्का,
नागूबाई