डांबरी सुतळीतल्या गाठी

३ मार्च १९४५

पत्र आलं! सव्वा महिन्याने. सेन्सॉरवाल्यांनी कापून कापून नुसती चाळण केलीय. कुठं आहेत, काय केलं, सगळं गेलं. पण आत सुतळी आहे! वीतभर, डांबर लावलेली. पाच गाठी.

नवरा माझा, विंको, आरमारात जाताना बोलला होता, "लिहिलेलं कापतील गं लुत्से. गाठ कोण कापतोय?" आणि हसला. पुढचा दात अर्धा, मासेमारीत कप्पी लागून तुटलेला. तसाच हसतो मेला.

एक गाठ म्हणजे एक मोडकं जहाज ओढून आणलं. त्यांची टगबोट तेच करते. आता एकूण चौदा! सगळ्या सुतळ्या पाळण्याला बांधल्यात. सासूबाई त्यांवरून जपमाळेसारखी बोटं फिरवतात. वर तोंड चालूच – "लोकांच्या पोरांना तोफा दिल्या, माझ्याला दोर!"

१९ मार्च

मासळीच्या कारखान्यात पाळी संपली. फाटकाशी कुबड्या घेऊन एक खलाशी उभा होता. मी विचारलं, टगबोटी पाहिल्यात का?

"पाहिल्यात? बाई, आमच्या जहाजाचं नाकच उडालं होतं. बाकी सगळे लांब पळत होते. ती एवढीशी आमच्याकडे आली! नऊ दिवस ओढलं. माणूस चालतो तेवढ्या वेगाने. वरून विमानं येत होती, पण दोर सोडला नाही."

घरी येऊन सांगितलं. सासूबाईंनी जाळं विणता विणता डोळे पुसले. मला अभिमान वाटला. मग भीती. नऊ दिवस, चालत चालत!

२ एप्रिल

आपले अमेरिकन सैनिक जपानच्या ओकिनावा बेटावर उतरलेत म्हणे. कारखान्यातल्या वर्नाने पेपर वाचून दाखवला, मला मोठे शब्द अडतात. तिचा नवरा विंकोच्याच टगबोटीवर स्वयंपाकी.

१७ एप्रिल

पत्र नाही.

८ मे

युरोपातली लढाई संपली. भोंगे, नाच, रस्त्यात पापे. आमची जपानशी चालूच आहे. आमच्या पोरीने, टोंकाने, आज पहिलं पाऊल टाकलं. कुणाला दाखवू?

१४ मे

वर्नाला तार आली. गेला तिचा नवरा.

त्याच टगबोटीवर! मी तिच्याजवळ बसले आणि मनात फक्त विंको, विंको. लाज वाटते.

सासूबाई म्हणाल्या, "आपल्याकडे तार आली नाही. नाही म्हणजे नाही. खा मुकाट्याने." त्यांनी स्वतः घास घेतला नाही.

१ जून

दारावर कुणी थाप मारली की तारच आली वाटतं. आज शेजारीण लिंबं द्यायला आली, मी तिच्यावर ओरडले.

२ जून

पत्र आलं. अक्षर परकं. "विंको बरा आहे, काळजी नको." असं कुणीही लिहील! पुढचं सगळं कापलेलं, भलंमोठं भोक.

सुतळीला एकच गाठ. वाकडी, सैल. विंको डोळे मिटूनही अशी बांधणार नाही. दुसऱ्या कुणीतरी बांधून पाठवली, माझी समजूत काढायला. मी जमिनीवरच बसले.

सासूबाईंनी सुतळी ओढून घेतली, खिडकीशी नेली.

"रडू नकोस गं, इकडे ये. हे बघ."

डांबरात दातांच्या खुणा. मधे अर्ध्या दाताची फट.

त्यानेच बांधलीय. दातांत धरून, एका हाताने.