कहइया दीदी आणि मेंढ्यांवाली म्हातारी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

पराग आला आणि इतिहास माझ्या गळ्यात घालून गेला!

महोत्सवाचं यंदा पंधरावं वर्ष. स्मरणिका काढायची, आणि तिच्यात रायपूरच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवाचा इतिहास — चांगली वीस पानं — मी लिहायचा. "मावशी, पहिल्या दिवसापासून तुमच्याशिवाय कोण हाय? माह्या तर काहीच ध्यानात राहत नाही." हे मात्र खरं. महोत्सव काढला त्याने, पण तारखा सगळ्या माझ्याकडे. एकोणतीस वर्षं स्टेशनावर गाड्यांची अनाउन्समेंट केली. वेळ आणि प्लॅटफॉर्म विसरायची सोयच नव्हती.

"मराठीत लिहा, सोनिया हिंदी करून देईल." सोनिया म्हणजे माझी लेक. तिला न विचारता! संध्याकाळी ऑफिसातून आली, ऐकलं, म्हणाली, "मम्मी, मैं क्या फालतू बैठी हूँ?" मग चहा पिता पिता विचारते, "कितने पेज?" म्हणजे करणार.

५ नोव्हेंबर

२०१० लिहायला घेतलं आणि हसूच आवरेना.

ब्राह्मणपाऱ्यातल्या शाळेचा हॉल. अकरा सिनेमे, सहा देश, चाळीस माणसं. त्यातली दहा खुर्च्या मांडायला आलेली. पडदा म्हणजे गोल बाजारातली पांढरी चादर. घाईत तिचा लाल काठ कापायचा राहिला. मग काय — जपानचा समुद्र असो की इराणचं वाळवंट, खाली लाल काठ आहेच! एका म्हाताऱ्याने तर शेवटी विचारलं, सगळ्या देशांत हीच पट्टी काहून?

पहिल्याच सिनेमात खाली इंग्रजी अक्षरं पळायला लागली आणि माणसं उठायला लागली. पराग घाबराघुबरा. तेव्हा आमचे हे — गौतम — उभे राहून सगळ्यांदेखत म्हणाले, "हिले माइक दे ना! हिचा आवाज आख्ख्या स्टेशनले पुरते." मी बघायला गेले होते, बोलायला नाही! पण परागकडे हिंदी भाषांतराचे कागद होते, ते त्याने माझ्या हातात कोंबले. पडद्याच्या बाजूला खुर्ची टाकून बसले आणि अख्खा सिनेमा सांगितला. एकही माणूस उठला नाही.

तेव्हापासून आमच्याकडे परदेशी सिनेमा दाखवत नाहीत नुसता, सांगतात. लोक मला कहइया दीदी म्हणायला लागले. कहइया म्हणजे सांगणारी. पेन्शनीच्या कागदावर नाही, पण हे नाव मला जास्त आवडतं.

८ नोव्हेंबर

भांडण — करोनाचं वर्ष धरायचं की नाही? पराग म्हणतो धरा, सोळा होतील. मी म्हटलं, रद्द झालेली गाडी आली म्हणून सांगायची का? पंधराच!

११ नोव्हेंबर

धानाचं लिहिलं. दुसऱ्या वर्षापासून बक्षीस प्रेक्षक देतात. दाराशी प्रत्येक सिनेमाच्या नावाची टुकनी — बांबूची टोपली — आणि धानाचं एक पोतं. बाहेर पडताना मूठभर धान ज्याच्या त्याच्या आवडीच्या टुकनीत टाकायचं. शेवटी वजन. ज्याची टुकनी जड, तो सिनेमा जिंकला.

यात एक खोट आहे: सगळ्यांच्या मुठी सारख्या नसतात. भनपुरीचे भैय्यालाल ट्रक चालवतात, त्यांची एक मूठ म्हणजे माझ्या तीन. गेल्या चौदा वर्षांत त्यांनी एकही सिनेमा चुकवला नाही, कायम पहिल्या रांगेत, चपला काढून मांडी घालून. एकदा मी म्हटलं, "भैयाजी, मूठ थोडी छोटी करा." तर म्हणाले, "मन बड़े हे दीदी, त मुठा बड़े हे!"

१४ नोव्हेंबर

पराग नाचत आला. २०१३ ची विजेती येऊन राहिली! किर्गिझस्तानची गुलझात. तिचा मेंढ्यांवाल्या म्हातारीचा सिनेमा आम्ही उद्‌घाटनाच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवणार. तिने पत्र पाठवलंय, परागने मोठ्याने वाचून दाखवलं: माझ्या देशात हा सिनेमा कुणी पाहिला नाही, जिथे जिथे पाठवला तिथून परत आला. फक्त रायपूरच्या लोकांना माझी म्हातारी कळली. त्यांना एकदा भेटायचं आहे.

परागचे डोळे ओले. मी चहाचं निमित्त करून आत गेले.

१५ नोव्हेंबर

वहीला सांगते. आजवर कुणालाच सांगितलं नाही.

२०१३ च्या डिसेंबरात त्या सिनेमाचे भाषांतराचे कागद आलेच नाहीत. तबकडीवर अक्षरंही नाहीत. हॉलमध्ये तीनशे माणसं. पराग हात जोडून म्हणाला, "मावशी, काहीबी बोला, पण लोकाईले उठू देऊ नका!" आणि हा म्हणे विसराळू — हे तर सोयीने विसरला.

गौतम जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. घरी बसवत नव्हतं म्हणूनच गेले होते. खुर्चीवर बसले, समोर वीतभर लॅपटॉप, तोही तिरपा. आणि सत्तर मिनिटं बोलत राहिले! किर्गिझ भाषेतला एक शब्द येत नसताना!

काय बोलले ते आजही पाठ आहे. म्हटलं, म्हातारी विधवा आहे. तिचा नवरा नाइट ड्यूटीला जायचा — तोंडातून गेलं आणि मीच चमकले. डोंगरात मेंढ्यांमध्ये कुठली नाइट ड्यूटी? मग निभावून नेलं, लांडग्यांची राखण म्हणून. म्हातारी म्हणते, तो वेळीअवेळी जेवायचा, म्हणून मलाही अजून अवेळीच भूक लागते. म्हणते, एकदा ड्यूटीला गेला आणि आलाच नाही. मग मोटारसायकलवर एक तरुण आला. मी म्हटलं, हा मुलगा! दूर देशातून आला, चौथ्या दिवशी आला. म्हातारी त्याला म्हणते, उशीर झाला तरी चालेल बाळा, आलास ना.

कुठून सुचत होतं कोण जाणे! डोकं भलतंच चाललं त्या दिवशी.

दिवे लागले तर हॉल हुंदके देत होता. त्या टुकनीत धान मावेना, खाली सांडलं. पितळी बैलाचं बक्षीस पोस्टाने किर्गिझस्तानला गेलं. एकोणतीस वर्षांत मी एकदाही चुकीचा प्लॅटफॉर्म सांगितला नाही, आणि इथे अख्खी गाडीच खोटी!

१८ नोव्हेंबर

गुलझातने अक्षरांसकट नवी प्रत पाठवली. सोनियाने लावून दिली, इंग्रजी वाचून सांगत बसली. दहा मिनिटांत तिने माझ्याकडे बघितलं. "मम्मी... आपने तो कुछ और बताया था." मग सगळं सांगावं लागलं. पोट्टी हसून हसून सोफ्यावरून खाली!

खरी गोष्ट अशी: म्हातारीचं लग्नच झालेलं नाही. सत्तर मिनिटं ती शेजारणीच्या कुत्र्याची तक्रार करते, स्वतःच्या लोण्याची फुशारकी मारते आणि रेडिओवरच्या बातम्यांना शिव्या घालते. मोटारसायकलवाला पोरगा गुरांचा डॉक्टर आहे. येतो, मेंढ्यांना सुया टोचतो, मेंढ्याला घाबरून कुंपणावर चढतो. ती त्याच्यावर खो खो हसते.

आणि शेवटी कॅमेऱ्याकडे बघून म्हणते — मी एकटी आहे म्हणून माझी कीव करायला कुणी एवढा डोंगर चढून येऊ नये.

मी तेच केलं. तीनशे माणसं घेऊन.

१९ नोव्हेंबर

लेकाचा, यशदीपचा फोन, बहरीनहून. वडील गेले तेव्हा चौथ्या दिवशी पोचलो हे अजून मनाला लावून घेतो. किती वेळा सांगितलं, विमान मिळालं नाही त्यात तुझा काय दोष! त्याला म्हातारीचा घोटाळा सांगितला. त्याला हसू नाही आलं. म्हणाला, "आई, रहने दे ना. उससे किसी का क्या बिगड़ा?"

२४ नोव्हेंबर

परागशी कडाक्याचं वाजलं. मी इतिहासात २०१३ खरंखरं लिहिलं. त्याने वाचलं आणि पांढराफटक पडला.

"मावशी, तुम्ही हे काहून लिहून राहिल्या? ती बाई इतक्या दुरून येऊन राहिली. तिले काय सांगू, तुह्या सिनेमाले नाही, आमच्या मावशीच्या गोष्टीले बक्षीस भेटलं?"

"हव. तेच सांग."

"आन् लोकं? उद्यापासून तुमच्या एका शब्दावर कोणी भरोसा ठेवीन का?"

भीती मला त्याचीच आहे. मी बोलते म्हणजे तसंच आहे — हे लोकांनी धरलंय, आधी स्टेशनावर, मग हॉलमध्ये. तेवढीच माझी कमाई. ती गेली तर मी पडद्याच्या बाजूला कुठल्या तोंडाने बसू?

पण खोटं छापलं तर मला तिथे बसवणारच नाही.

६ डिसेंबर

सकाळी सोनियासोबत पुतळ्याला हार घालून आले. आज लिहिणं नाही.

११ डिसेंबर

गुलझात आली! बुटकी, गालांवर लाली, बोलण्याआधीच हसते. परागच्या घरी तांदळाची धिरडी, चीले, चार खाल्ले आणि पाचवा मागितला. सोबत ताकाच्या वाळवलेल्या गोळ्या आणल्यात, इतक्या खारट की परागने पाणीच मागितलं. मला बघून तिने माझे दोन्ही हात धरले. पराग इंग्रजीतून समजून सांगत होता: तू तो आवाज ना? म्हातारी अजून ठणठणीत आहे, चौऱ्याऐंशी वर्षांची, पितळी बैल तिच्याच घरी आहे.

मी तिच्या ताटात आणखी चटणी वाढली. सोनियाने कोपर मारलं तेव्हा पाणी आणायला उठले.

१२ डिसेंबर, शुक्रवार

उद्‌घाटन झकास. एकतीस देशांचे सिनेमे, खुर्च्या कमी पडल्या. स्मरणिका वाटली — २०१३ चं पान मी लिहिलं होतं तसंच आहे. परागने शेवटी हात टेकले, प्रेसला जाताना म्हणाला, "मावशी, तुमच्यासमोर कोणाचं चाललंय!" पण स्मरणिका आज कोण वाचतं? लोक फोटो बघतात. तोंडानेच सांगावं लागेल. उद्या, सिनेमा सुरू व्हायच्या आधी, माइकवरून, गुलझातसमोर.

काय बोलायचं ते तीनदा लिहून खोडलं. गाडी सहा तास लेट आहे हे हजार माणसांना सांगताना कधी कागद लागला नव्हता.

१३ डिसेंबर

सांगितलं. सगळं.

मग पहिल्या रांगेतून भैय्यालाल उठले. "हमन ला तो ओही दिन पता रिहिस, दीदी! डॉक्टर सुई लगात रिहिस, सब ला दिखत रिहिस. अउ भेड़ी चरइया के नाइट ड्यूटी कहाँ होथे? तुमन तो अपन घर के बात कहत रेहेव. हमन ओही ला सुनत रेहेन."

मागून कुणीतरी म्हणालं, हव. मग आणखी कुणी. अख्खा हॉल म्हणाला.

म्हणजे मी माझ्याच घरचं सांगतेय हे सगळ्यांना त्याच दिवशी कळलं होतं! तीनशे माणसं माझ्या दुःखाला बसली होती, आणि बारा वर्षं मला कळू दिलं नाही! तेव्हा घरी न आलेलं रडू आज आलं, तेही माइक चालू असताना.

पराग गुलझातच्या कानात सांगत होता. ती इतकी हसली की तिलाच रडू फुटलं. उठून मशीनवाल्याला म्हणाली, अक्षरं बंद करा, आवाजही बारीक करा. आणि मला खुर्चीवर बसवलं — तुझी गोष्ट सांग म्हणून.

या वेळी म्हातारीचं लग्न लावलं नाही. पोरगा मात्र येऊ दिला, चौथ्या दिवशी का होईना.