नवज्योतचा सर्वांत मोठा मॅनेजर

टेमघर, भिवंडी
१४ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप दादास,
धाकट्या गोदूचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाईलवरची अक्षरं तुझ्या डोळ्यांपुढून पळतात, म्हणून पोस्टाचं पाकीट आणलं. काळजीचं काही नाही. उलट गंमत आहे.

आपल्या नवज्योत फुटबॉल क्लबला डिसेंबरात पन्नास वर्षं होतात. स्मरणिका निघणार आहे आणि तिच्यात एक लेख हवा आहे, क्लबचा सर्वांत मोठा मॅनेजर कोण? पहिली सात वर्षं तर ज्याच्याकडे बॉल तोच मॅनेजर, ती सोडून दिली. मग चौदा वर्षं तू, तुझ्यानंतर अठरा वर्षं आमचे हे, आणि आताची ऋतिका. कमिटीतल्या पुरुषांनी तीन बैठका भांडून काढल्या आणि शेवटी लेख माझ्यावर टाकला. माझं माहेर आणि सासर दोन्ही मैदानाला लागून, म्हणून मी एकही मॅच चुकवलेली नाही म्हणे. एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला नवरा. मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

तेव्हापासून ह्यांचा स्वभाव पालटलाय. सकाळी स्वतः चहा करतात आणि कप माझ्यापुढे ठेवताना आपल्या अकरा कपांचा विषय काढतात. ऋतिकाचं वेगळंच. ती म्हणाली, काकू, मला तिसरा नंबर चालेल, पण मुलींच्या टीमचा फोटो पानभर हवा. ती मॅच मोबाईलवर काढते आणि पोरांना परत दाखवते. आपली चूक आपल्यालाच दिसली की कोणी ओरडावं लागत नाही, असं तिचं म्हणणं.

तू तुझ्या काळाचं लिहून पाठव आणि कार्यक्रमाला ये. एकोणतीस वर्षांत तू लग्नाकार्याला आलास, जेवलास आणि गेलास. ह्यांच्याशी हवापाण्यापलीकडे बोलला नाहीस. मला ते बघवत नाही.

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी चालेल, पण उत्तर टाक.

तुझी,
गोदू


पेण
२४ सप्टेंबर २०२५

चि. सौ. गोदूस केसरीनाथचे अनेक आशीर्वाद.

पाकीट पोचलं. पॉवरलूमच्या खडखडाटाने कान नेले, हात अजून शाबूत आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या वेळी बॉल एक, आणि त्याला सायकलवाल्याकडून लावलेली चार ठिगळं. बूट चौघांना, बाकी अनवाणी. मैदान म्हणजे भात कापलेलं शेत, त्यामुळे पहिले पंधरा दिवस ढेकळं फोडण्यात जायचे. पोरं लूमची शिफ्ट करून थेट सरावाला यायची. त्यांना पळवणार किती? म्हणून मी बचाव शिकवला. दमलेला माणूस धावू शकत नाही, पण नेमक्या जागी उभा राहू शकतो. त्यावर तीन कप आले.

चांगदेवरावांच्या वेळी राहनाळ-वडप्याला गोडाऊनं झाली, मालकांनी जर्सी दिल्या, बूट दिले. पोरं ताजीतवानी. त्यांनी हल्ला शिकवला. कप अकरा, हे खरं. पण तेव्हा गावागावाने संघ काढले होते आणि त्यातले निम्मे कच्चे, हेही लिही. तरी एक कबूल करतो. ज्या प्रितमला मी तीन वर्षं राखीव गोलकीपर म्हणून बसवून ठेवला, त्याला त्यांनी कडेने पळवला आणि तो जिल्ह्यात गाजला. ती नजर माझ्याकडे नव्हती.

आता शहाण्णवची फायनल. ती टाळता येणार नाही. लिही, की केसरीनाथने कॅप्टन चांगदेवला बाहेर बसवलं, राहनाळकडून आपण एका गोलने हरलो आणि कमिटीने मॅनेजर बदलला. त्यापुढे एक ओळही नको. मी शब्द दिलाय, आणि तो कोणाला ते तुला ठाऊक आहे.

कार्यक्रमाचं बघू. तब्येतीला जप.

तुझा,
दादा


टेमघर
५ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप दादास,
गोदूचा शि. सा. न.

तो शब्द मी मोडला. घेतला मी होता, तेव्हा मोडायचा हक्कही माझाच.

लेखात सगळं लिहिलं आणि गप्प राहिलास म्हणून पहिला नंबर तुला दिला. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, की ह्यांच्या गुडघ्याला आणखी एक मार बसला तर पाय कामातून जाईल. हे ट्रक चालवणारे, पदरात दोन लहान मुली. ह्यांना मी सांगितलं, तर हसण्यावारी नेलं. म्हणून फायनलच्या सकाळी तुझ्याकडे धावत आले. बायकोने बसवलं हे कळलं तर हे कोणाला तोंड दाखवणार नाहीत, म्हणून आईची शपथ घातली. तू एवढंच विचारलंस, आपण हरलो तर? मी म्हटलं, हरू दे. तू हरलास, पद गेलं, जिवाभावाचा दोस्त गेला. ह्यांनी रागाने बूट टाकले ते कायमचे. आणि मी गप्प बसले. आधी भीतीने, मग लाजेने.

काल ओटीवर बसून ह्यांना लेख वाचून दाखवला. ऐकलं, चष्मा काढून ठेवला आणि मैदानात निघून गेले. मी खिडकीतून बघत होते. चांगल्या सहा फेऱ्या मारल्या. परत आले, डाव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "या गुडघ्याने सव्वीस वर्षं क्लच दाबलाय, गोदू. तो दादाच्या पुण्याईचा हाय, ह्ये मला कोणी सांगितलं न्हाय."

मग डोळे पुसले, मग माझ्यावर भडकले, मग जेवताना भडकलेलं विसरले. आज सकाळी कागद मागितला. काय लिहिलंय ते दाखवत नाहीत. अर्धी बाटली डिंक लावून बंद केलंय, सोबत पाठवते.

मला माफ कर, आणि लगेच नाही केलंस तरी पत्र धाड.

तुझी,
गोदू


टेमघर, ५/१०/२५

श्री. केसरीनाथदादा यांस चांगदेवचा साष्टांग नमस्कार.

आरटीओला सोडून मी कोणाला पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा चूकभूल माफ.

एक गोष्ट मीही दडवली. माझ्या पहिल्या पाच कपांत मागे खेळणारे चारही जण तुम्ही घडवलेले होते. त्यांना मी काही शिकवलं नाही. उलट त्यांच्याकडून तुमचा बचाव शिकलो आणि पुढच्या पोरांना माझा म्हणून सांगितला. मागे भिंत होती म्हणून मी पुढे धावलो.

डिसेंबरात जुन्या खेळाडूंची मॅच आहे. तुमच्या वेळचे विरुद्ध माझ्या वेळचे, ऋतिका रेफरी. तुमच्या बाजूला मॅनेजर नाही. कमिटीने दोन नावं सुचवली होती, मी दोन्ही खोडली. भाऊबीजेला या आणि टीम निवडा. मी आज तुमची माफी मागतो, पण मॅच सोडणार नाही.

आपला,
चांगदेव


पेण
१३ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. गोदू आणि चांगदेवराव यांस आशीर्वाद.

दोन्ही पत्रं एकदम मिळाली. तुझ्या वहिनीलाही आजवर काही सांगितलं नव्हतं. तिला वाचायला दिली. एकोणतीस वर्षं ती मला त्या फायनलवरून टोमणे मारत आली. काल सगळ्यांसमोर म्हणाली, की तुम्ही महाहट्टी. मग रडली, मग हसली, मग माझ्या ताटात दुसरी पुरणपोळी वाढली.

गोदू, लेखात दुरुस्त्या कर. गप्प राहण्याबद्दल मला पहिला नंबर दिलायस, तो काढ. त्याने मॅनेजर होत नाही. चांगदेवरावांना वर घाल, मला खाली. ऋतिकाचा निकाल आत्ताच नको, तिचा खेळ चालू आहे. माफीचं म्हणशील, तर फायनलच्या दिवशी कॅप्टन बदलायची छाती आम्हा तिघा मॅनेजरांत कोणाची नव्हती. माझीही नव्हती. ती तुझी होती. आपण हरलो ते बरोबर हरलो.

चांगदेवराव, बचाव चोरलात ते ठीक, पण अर्धाच चोरलात. उरलेला डिसेंबरात दाखवतो. काल जेवताना ताटात लिंबाच्या फोडी मांडून बघितल्या, नातू म्हणतो आजोबा जेवत नाहीत.

भाऊबीजेला सकाळच्या बसने आम्ही दोघं येतो, आणि मॅच होईपर्यंत राहतो. गोदू, ओवाळणीत काय हवं ते आधी कळव. माझ्या टीममध्ये बदल सोडून काहीही माग.

तुझा,
दादा