एकाच फांदीवर बांधलेली दोन रोपं

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठ्याहत्तर, वनस्पती संग्रहालयातून वर्गीकरणाच्या कामावरून निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलीला. मात्र अंगणातला फणस तिच्या हयातीत तोडू नये. त्यावरची ऑर्किडं झाडाला नुसती धरून राहतात, झाडाचं काही खात नाहीत; जावईबापूंना हे मी निदान चाळीस वेळा सांगितलं आहे. त्यांनी हौसेने कुंडीतल्या मातीत लावून कुजवलेली चार रोपं मी माफ केली आहेत, विसरलेली नाही.

२. सूक्ष्मदर्शक आणि सगळ्या टिपणवह्या माझ्या विद्यार्थिनीला. कारण सांगणं भाग आहे. माझे यजमान टेलिफोनचे लाइनमन. सुट्टीच्या दिवशी माझ्यासाठी झाडांवर चढत. छत्तीस वर्षांपूर्वी ओढ्याकाठच्या गर्द सावलीतून त्यांनी एक डेंड्रोबियम ऑर्किड उतरवून आणलं. पानं लांब, पातळ, फूल फिकट. उंच फांद्यांवर उन्हात वाढणाऱ्या ओळखीच्या जातीची पानं आखूड, जाड. मी नवी जात जाहीर केली आणि तिला त्यांचं नाव दिलं. पोस्टमनपासून न्हाव्यापर्यंत त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं.

बारा वर्षांपूर्वी, ते गेल्यावर, विद्यार्थिनी म्हणाली, "बाई, दोन्ही एकच तर नसतील? सावलीमुळे पानं लांबली असतील."

"कालची पोर तू, मला शिकवतेस?" म्हणून मी तिला खोलीबाहेर काढलं. मग गुपचूप दोन्हींची रोपं फणसाच्या एकाच फांदीवर बांधली. तिसऱ्या वर्षी पानं सारखी आली, फुलंही. तिचं खरं होतं आणि मी तोंड उघडलं नाही. तिची मी माफी मागते.

३. माझ्या पश्चात विद्यार्थिनीने हे छापून आणावं आणि ती जात रद्द करावी. "बाबांचं नाव" म्हणत मुलीने आड येऊ नये. शेजारच्या शिंपीणबाईंनी आत्ताच विचारलं, "नाव पुसायला जीव होतो का हो तुमचा?" होत नाही. म्हणूनच लिहून ठेवत आहे.

४. संग्रहालयातल्या मूळ नमुन्यावर जातीची नवी चिठ्ठी लावावी. जुन्या चिठ्ठीतली एक ओळ मात्र कोणीही झाकू नये. तिथे 'गोळा करणारे' यापुढे त्यांचं नाव आहे. झाडावर ते चढले होते.

सही

साक्षीदार: १. घरचे डॉक्टर (सही) २. शेजारच्या शिंपीणबाई (सही)
ठिकाण: राहत्या घराचा व्हरांडा
दिनांक: ११ मार्च, सकाळी साडेदहा