जेट्टीवरचा आवाज

प्रिय आशाताई,

खोलीतल्या टेबलाच्या खणात हे कागद सापडले, त्यावरच लिहिते आहे. वर सोनेरी अक्षरात हॉटेलचं नाव आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस. लिहून झालं की एकेका पानाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते, मोठं करून वाच. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर तू मला बोलू कधी देतेस? हॅलो तेवढं माझं, पुढचं सगळं तुझं. आज मला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचं आहे, आणि आपल्या पोरीची, प्रतीक्षाची ड्यूटी संपायच्या आत सांगायचं आहे.

मेहकरहून निघताना तू म्हणाली होतीस, "चार दिवस पाय पसरून बस, अन् येताना पोरीले घेऊनच ये." ताई, पाय पसरणंही शिकावं लागतं गं. इथे नोकरीवाल्यांच्या आईवडिलांना वर्षातून एकदा फुकट ठेवतात, म्हणून मी आलेली; बाकीचे सगळे पैसे मोजून लोळायला आलेले. अंदमानचा समुद्र फोटोत दाखवतात त्याहून निळा आहे, हे खरं. पण बघून बघून किती बघायचा? नारळांच्या मध्ये बांधलेल्या झोळीत प्रतीक्षानं मला निजवलं, तिची पाठ फिरताच मी खाली उतरले. घरच्या मेसच्या सवयीनं पहाटे जाग येते आणि हाताला काम नाही. मग चादर झटकते, पांघरुणाची घडी घालते, कप विसळून पालथे ठेवते. काल खोली आवरायला आलेली बाई दारातच थबकली. मॅडम आमच्या कामावर नाराज दिसतात, अशी बातमी थेट आपल्या पोरीपर्यंत गेली! माझ्यामागे मेस सांभाळणाऱ्या पुष्पाबाईला तर मी इतके फोन केले, की शेवटी ती वैतागून म्हणाली, "बाई, तुम्ही समुद्र पाहा. डाळीले मी हाये ना इथं."

पण जीव डाळीत अडकलेला नव्हता, हे तुला ठाऊक आहे. रविवारी शेगावचे भगवंतराव मुलासाठी प्रतीक्षाला बघायला घरी यायचे आहेत. तू त्यांना शब्द दिलास, भाऊजींची त्यांच्याशी जुनी दोस्ती. त्यांचा मुलगा प्रेम चांगला, घरचं लॉज, महाराजांच्या दर्शनाला येणाऱ्यांची कधी वाण नाही. अट एकच, पोरीनं ही दूरची नोकरी सोडायची आणि लॉजच्या काउंटरवर बसायचं. खोटं कशाला बोलू, मलाही ते गोड लागलं होतं. शेगाव म्हणजे सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी परत. हे गेल्यापासून मेसमधली पोरं जेवून उठली की घर खायला उठतं. तेव्हा तूच मला उभं केलंस, तुझ्या शब्दाला नाही म्हणायची माझी काय बिशाद! पण आल्यापासून विषय काढायला जीभ रेटेना. ती युनिफॉर्ममध्ये, रिसेप्शनवर. चारचौघांत मलासुद्धा "गुड मॉर्निंग, मॅम" म्हणते. मला हसू येतं.

परवा दुपारी वारा उठला. पाहुण्यांची बोट जेट्टीला लागेना, आतली माणसं ओरडायला लागली. मी काठावर उभी. बघते तर आपली प्रतीक्षा चपला फेकून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पायऱ्यांवरून पाण्यात उतरलेली, आणि बोटवाल्यांवर ओरडते आहे, "रस्सी छोड़ना मत! पहले दादीजी को उतारो, सामान बाद में!" वयानं तिच्या दुप्पट असलेले ते दांडगे गडी मुकाट्यानं ऐकत होते. त्या मराठी म्हातारीला तिनं कमरेला धरून उतरवलं आणि वर दरडावलं, "खाली पाहू नका, माझ्याकडे पाहा." ताई, आपल्या घरात या पोरीचा आवाज स्वयंपाकघराबाहेर कधी आला? तुझ्यासमोर तर ती मानेनंच हो-नाही करायची. मला वाटलं, ही कुणाची पोर? आणि मग छाती भरून आली, की माझीच.

तरीही मी विचारलं. तुला शब्द दिला होता ना! काल संध्याकाळी वाळूत बसून सगळं सांगितलं. रविवार सांगितला, अट सांगितली, मी एकटी असते हेही नेमकं सांगितलं. तिनं जरासुद्धा वाद घातला नाही. "हाव आई, येतो मी," एवढंच बोलली, आणि तेही त्या जुन्या, मानेतल्या आवाजात. हेच ऐकायला मी इतक्या दूर आले होते. ऐकलं आणि जेट्टीवरचा तो आवाज आठवला.

आज सकाळी ती राजीनामा द्यायला साहेबांच्या केबिनकडे निघाली होती. मी मागून धावले, अनवाणी, अंगात गाऊन, पाहुणे बघत राहिले. तिचा हात धरला आणि तोंडाला येईल ते सांगून टाकलं. म्हटलं, थांब पोरी, आत्ताच आशामावशीचा फोन आला होता, शेगाववाल्यांनी नकार कळवलाय, पत्रिका जुळली नाही म्हणतात.  ती म्हणाली, "मावशीले विचारतो मी ड्यूटी झाल्यावर." राजीनामा अजून तिच्या खिशातच आहे.

म्हणून हे पत्र, ताई. भगवंतरावांना काय सांगायचं ते मी तुला शिकवू? ज्याला नाही म्हणायचं त्याची पत्रिका आपल्याकडे जुळत नसतेच, त्यात कुणाचा अपमान होत नाही. माझ्यावर हवी तेवढी चीड, आल्यावर चार शिव्या दे, मी ऐकून घेईन. रिकाम्या घराची मला भीती वाटते, ती वाटणारच, पण ती माझी मी निभावीन. फक्त दुपारी तिचा फोन येईल तेव्हा आवाज कापू देऊ नकोस. माझं खोटं ती लहानपणापासून ओळखते. तुझं ओळखणार नाही, कारण तू तिच्याशी आजवर एकदाही खोटं बोललेली नाहीस.

तुझ्याच भरवशावर असलेली,
तुझीच धाकटी
जयमाला