घरी माणूस आहे

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
४ नोव्हेंबर १९८८

प्रिय आई,

वीणाताईंचं पत्र परवा मिळालं. बाळाला दोन दात आले, हे वाचून बरं वाटलं. त्यांच्या बाळंतपणासाठी तुम्ही सांगलीला निघालात तेव्हा दोन महिन्यांत येते म्हणाला होतात, आता आठवा महिना लागला. हा टोमणा नाही. वीणाताईंनी लिहिलंय, तुम्ही रोज संध्याकाळी शेजारच्या बायकांबरोबर घाटावर जाता, आणि परवा इतक्या हसलात की ठसका लागला. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. अविनाश गेल्यापासून अडीच वर्षांत इथे मी तुम्हाला हसताना पाहिलं नव्हतं.

मीनूबद्दल मी मागच्या तीनही पत्रांत 'मजेत आहे' एवढंच लिहिलं. ते खरं नव्हतं. तुम्ही गेल्यावर समोरच्या मिसेस अरोरा तिला सांभाळत होत्या, पण ऑगस्टमध्ये त्यांच्या मिस्टरांची बदली झाली. मग मी कॉलनीतल्या पाळणाघरात अर्ज केला. तिथल्या बाईंनी घरातल्या माणसांच्या यादीत तुमचं नाव पाहिलं. "सास हैं ना घर में?" मी म्हटलं, गावी गेल्यात. "लौटेंगी?" मी पटकन हो म्हटलं. "फिर तो घर में ही मानी जाएँगी." नियमच तसा आहे. सांभाळणारं माणूस थोड्या दिवसांसाठी बाहेर गेलं असेल तर ते घरीच धरतात, आणि घरी माणूस असलेल्या मुलाला जागा मिळत नाही. माझ्या अर्जावर त्यांनी तसा शेरा मारला. तुम्ही सांगलीला होतात आणि कागदावर इथे, मीनूजवळ.

नोकरी सोडावी, असं दहादा मनात आलं. पण ती अविनाशच्या जागी मिळालेली. ती गेली की हे क्वार्टरही गेलं. माहेरी दादाच्या दोन खोल्यांत आधीच सहा माणसं आहेत. म्हणून मीनूला ऑफिसात नेऊ लागले. ती टेबलाखाली बसून फायलींच्या दोऱ्यांशी खेळायची. महिनाभर कोणी काही बोललं नाही, मग साहेबांनी बोलावून सांगितलं, "मैडम, कल से बच्ची नहीं."

दुसऱ्या दिवशी मी तिच्यापुढे दूध, गूळपोळी आणि चित्रांचं पुस्तक ठेवलं आणि बाहेरून कुलूप लावलं. चार वर्षांच्या मुलीला, आई. दारावर थापा मारायच्या नाहीत, कुणाला हाका मारायच्या नाहीत, असंही बजावलं. जेवणाच्या सुट्टीत बस पकडून धावत आले. जिन्यात अजिबात आवाज नव्हता. कुलूप काढलं तर ती दाराला टेकून बसलेली, फ्रॉक ओला, दूध तसंच. मला बघून म्हणाली, "मी आवाज नाही केला मम्मी. बिल्कुल नाही." शाबासकी मागत होती. त्या दिवसापासून मी रजेवर आहे, ती सोळा तारखेला संपते.

त्या दुपारी तिला मांडीवर घेऊन मी तुमच्या कॉटवर बसले होते. नऊ ते सहा तुम्ही दोघी इथे कशा बसत असाल, ते तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. खाली उतरून तुम्ही बोलणार कोणाशी? आणि ज्या खोलीत अविनाशने प्राण सोडला, त्याच खोलीत रोज तिला थोपटून निजवायचं. एकदा तुम्ही म्हणाला होतात, "वृंदा, इथे मला कोणी सुमित्रा म्हणून ओळखत नाही गं." मी पोळ्या लाटत होते. ऐकलं, आणि न ऐकल्यासारखं केलं. मला तुमची गरज होती ना. तुम्ही जायचं म्हणाल या भीतीने मी तुम्हाला कधी काही विचारलंच नाही.

पाळणाघराच्या बाई वाईट नाहीत. काल त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, एकच जागा उरली आहे. "लिख दीजिए, सास झगड़ा करके हमेशा के लिए चली गईं." मी पेन हातात घेतलं, पण तुम्ही आम्हाला टाकून गेलात असं माझ्याने लिहवेना. म्हणून हे पत्र. तुम्ही खरंच परतणार असाल तर तारीख कळवा, मी साहेबांच्या हातापाया पडून तोवर रजा वाढवून घेईन. पण दर पत्रात 'येतेच' असं तुम्ही केवळ माझ्या भिडेने लिहीत असाल, तर आता लिहू नका. सोबत कोरा कागद पाठवते आहे. त्यावर 'मी यापुढे सांगलीलाच राहणार' एवढंच लिहून खाली सही करा आणि लगेच टाका. तो कागद दाखवला की मीनूला पाळणाघरात जागा मिळेल, आणि इथल्या रेशनकार्डावरून तुमचं नाव निघेल. मीनू रडेल, मीही रडेन. पण सकाळी तिला कोणाच्या तरी हाती सोपवून मला ऑफिसला जाता येईल. मला इथून हलता यायचं नाही, आई. निदान तुम्ही तरी सुटा.

तुमचीच,
वृंदा